सार काढायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आज सुरुवात माझ्या टिपणातून करत नाही. आत्ता खाली चहा घेताना एक बाई भेटल्या, सत्तरीच्या आसपासच्या. नाव सांगत नाही, त्या इथेच बसल्या आहेत. म्हणाल्या, "सर, विषय वाचून मुद्दाम आले. मी माळकरी, सूनबाई ख्रिस्ती. नातू साडेचार वर्षांचा. संध्याकाळी दिवा लागला की मी त्याला एक म्हणायला शिकवते, झोपताना त्याची आई दुसरं शिकवते. परवा विचारतो, आजी, यातलं खरं कोणतं?"

मी म्हटलं, मावशी, शेवटी बोलू. तर हा प्रश्न आपण खुंटीला टांगून ठेवू आणि मूळ विषयाकडे जाऊ. कारण आपला आजचा विषय हाच आहे. निरनिराळ्या धर्मपरंपरांमधून सगळ्यांना मिळून वाट दाखवील असं काही हाती लागतं का? आणि लागत असेल तर ते शोधायचं कसं?

"सगळे धर्म एकच सांगतात"

आपल्याकडे याचं एक तयार उत्तर आहे. शाळेत दोन ऑक्टोबरला सर्वधर्म प्रार्थना होते, चार-पाच मुलं चार-पाच प्रार्थना म्हणतात, आणि मग पाहुणे सांगतात की सगळे धर्म शेवटी एकच सांगतात. टाळ्या होतात, आपण घरी जातो.

हेतू चांगला असतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हे वाक्य जरा तपासून बघा. इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म सृष्टिकर्ता ईश्वर मानतात. जैन दर्शन सृष्टी निर्माण करणारा ईश्वर मानत नाही. बौद्ध विचारात नित्य आत्मा नाही, गीतेत आत्मा अविनाशी आहे. हिंदू, जैन, बौद्ध परंपरांत पुनर्जन्म आहे. ख्रिस्ती आणि मुस्लिम श्रद्धेत एकच जन्म आणि नंतर न्यायाचा दिवस. हे किरकोळ फरक नाहीत. यांच्यासाठी माणसांनी आयुष्यं वाहिली आहेत. "एकच सांगतात" म्हटलं की आपण या सगळ्यांना एका फटक्यात गप्प बसवतो. कुणाचंच ऐकून न घेता.

दुसरं टोकही आहे. फरक इतके आहेत, तर प्रत्येकानं आपापलं बघावं, दुसऱ्याच्या ग्रंथाला हात लावू नये. यात भांडण नाही, हे खरं. पण एकाच गल्लीत, एकाच ऑफिसात, आणि आता एकाच घरात राहणाऱ्या माणसांना हे पुरत नाही. त्या साडेचार वर्षांच्या पोराला हे उत्तर देता येत नाही.

या दोन टोकांच्या मधे कुणी पद्धतशीर काम केलं आहे का? केलं आहे. आपल्याच भाषेतल्या माणसानं केलं आहे, आणि गंमत म्हणजे आपण त्याला भूदानासाठी ओळखतो. विनोबा भावे.

गीताईपासून सुरुवात

विनोबांचा जन्म १८९५चा, कुलाबा जिल्ह्यातल्या गागोदे गावचा. आता तो रायगड जिल्हा. त्यांच्या आईला गीता समजून घ्यायची होती. संस्कृत येत नव्हतं, आणि जी मराठी भाषांतरं मिळाली ती तिला जड गेली. तेव्हा ती मुलाला म्हणाली, तूच का करत नाहीस? आई १९१८ साली गेली. मुलानं काम हाती घेतलं ते १९३० साली, आणि चारेक महिन्यांत 'गीताई' पूर्ण केली.

मग १९३२. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिलं. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, अठरा रविवार. ऐकायला राजकीय कैदी होते. आणि ती प्रवचनं लिहून कुणी घेतली? साने गुरुजींनी. आपण आत्ता हे बोलणं लिहून काढतो आहोत ना, त्या जातीचंच काम, फक्त तिथे रेकॉर्डिंग नव्हतं. त्यातून 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं.

हे मी का सांगतोय? कारण पद्धत इथेच दिसते. आधी आपल्या घरातला ग्रंथ. तोही पंडितांसाठी नाही. आईला कळेल असा. दुसऱ्यांच्या ग्रंथांकडे ते गेले ते स्वतःच्या ग्रंथात असे खोल उतरलेले असताना गेले. पुष्कळदा आपलं उलटं होतं. स्वतःचं नीट वाचलेलं नसतं, आणि दुसऱ्याच्या पुस्तकातलं एखादं वाक्य मात्र पाठ असतं, बहुतेक वेळा भांडायला.

कुराण वाचायचं ठरवलं तेव्हा विनोबा तर्जुम्यावर थांबले नाहीत. अरबी शिकले, उच्चारांसकट मूळ पाठ करू लागले. त्या अभ्यासातून 'कुराण-सार' तयार झालं, ते १९६२ साली प्रसिद्ध झालं. नव्या करारातून 'ख्रिस्तधर्म-सार' निघालं. धम्मपदाच्या गाथांची विषयवार नवी मांडणी केली, ती 'धम्मपद नवसंहिता'. शिखांच्या जपुजीवर विवरण केलं. भागवताचं सार, मनुस्मृतीतून निवडलेलं 'मनुशासनम्'. मनुस्मृतीचा मुद्दा पुढे येणार आहे, लक्षात ठेवा.

आता 'सार' या शब्दाकडे बघा. ही पुस्तकं वेगवेगळी आहेत. कुराणातली आयत, बायबलातलं वचन आणि धम्मपदातली गाथा एकत्र कालवून त्यांनी 'सर्वधर्म-सार' असा एक ग्रंथ केला नाही. प्रत्येक परंपरेला तिच्याच शब्दांत, तिच्याच पुस्तकात बोलू दिलं. हातसडीच्या तांदळासारखं आहे हे. कोंडा काढायचा, पण आंबेमोहर आणि इंद्रायणी एका पोत्यात ओतायचे नाहीत.

पण निवडणारे तुम्ही कोण?

'कुराण-सार' येणार असं कळलं तेव्हाच आक्षेप आले. प्रश्न सरळ होता. आमचा ग्रंथ आम्हाला पूर्ण पवित्र आहे. त्यातलं सार कोणतं आणि बाकीचं काय, हे ठरवणारे तुम्ही कोण?

हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. निवडणारा आपल्या आवडीचं निवडणारच. माझी खात्री आहे, मी बायबलाचं सार काढलं तर ते थोडंफार तुकारामांसारखं दिसेल. ज्याच्या हातात कात्री, त्याच्या मनासारखा कपडा.

यावर विनोबांच्या कामातूनच एक उत्तर पुढे येतं, आणि माझ्या मते आजच्या विषयाचा गाभा तिथे आहे. ती गोष्ट जैन ग्रंथाची.

७५६ गाथा

१९७४ साली भगवान महावीरांच्या निर्वाणाची २५०० वर्षं साजरी होत होती. विनोबांचा बरीच वर्षं आग्रह होता की जसा धम्मपद, जशी गीता, तसा जैनांचा सर्वांना मान्य असा एक छोटा ग्रंथ असावा.

अडचण काय होती, तर जैनांमध्येच एकमत नव्हतं. श्वेतांबर आगमग्रंथ मानतात. दिगंबरांच्या मते मूळ आगम काळाच्या ओघात लुप्त झाले. मुनींनी वस्त्र घ्यावं की नाही, स्त्रीला त्याच देहातून मोक्ष आहे की नाही, यावर शतकानुशतकांचे मतभेद. शिवाय मूर्तिपूजक, स्थानकवासी, तेरापंथी असे पंथ. दोन्ही बाजूंना मान्य असं 'तत्त्वार्थसूत्र' होतं, पण त्यातही पाठभेद. म्हणजे आपण 'आंतरधर्मीय' म्हणतो ते लांबच राहिलं, इथे एका धर्माच्या आतच संवाद घडवायचा होता.

यावेळी विनोबांनी कात्री स्वतःच्या हातात ठेवली नाही, हे महत्त्वाचं. संकलनाचं काम केलं जिनेंद्र वर्णी या जैन विद्वानांनी. दिगंबर आणि श्वेतांबर, दोन्हीकडच्या प्राचीन ग्रंथांतून गाथा निवडल्या. कच्चा मसुदा छापून मुनींना, अभ्यासकांना पाठवला. सूचना आल्या, गाथा गळल्या, नव्या आल्या, पुन्हा मसुदा. मग २९ आणि ३० नोव्हेंबर १९७४ला दिल्लीत संगीती भरली. संगीती म्हणजे एकत्र बसून ग्रंथपाठ निश्चित करण्याची सभा. निरनिराळ्या पंथांचे मुनी आणि विद्वान एका जागी बसले आणि ग्रंथाला मान्यता मिळाली. नाव ठरलं 'समणसुत्तं'. चार खंड, ४४ प्रकरणं, ७५६ गाथा. ७५६ म्हणजे १०८ची सातपट.

यातून मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, मतभेद मिटले नाहीत. दिगंबर दिगंबरच राहिले, श्वेतांबर श्वेतांबरच. कुणाला आपली बाजू सोडायला सांगितली नव्हती. "या गाथा तुम्ही आणि आम्ही दोघंही मनापासून म्हणू शकतो का?" एवढाच प्रश्न विचारला गेला.

दुसरी, ज्यांचा ग्रंथ त्यांची संमती. बाहेरच्या माणसानं आग्रह धरला, पाठपुरावा केला, पण शेवटचं 'हो' घरच्यांनी म्हटलं. 'कुराण-सारा'वरच्या त्या आक्षेपाला हे उत्तर आहे. निवडणारे तुम्ही कोण? एकट्यानं निवडलं तर प्रश्न राहतोच. बसून, विचारून, दुरुस्त करून निवडलं तर त्याची धार कमी होते.

तिसरी, या ग्रंथाचा शेवटचा खंड आहे स्याद्वाद. सत्याला अनेक बाजू असतात, म्हणून आपलं विधान "या बाजूनं पाहता" असं मर्यादेनं करावं, हा जैन विचार. एकत्र बसण्याची रीत त्या परंपरेत आधीपासूनच होती, ती वापरात आणली गेली. प्रत्येक परंपरेत अशी काहीतरी सोय असते. ती आपल्याला बाहेरून नेऊन द्यावी लागत नाही, आत शोधावी लागते.

दाराशी परीक्षा

आता कुणी म्हणेल, पुस्तकं झाली, छान झालं. आचरणाचं काय?

देवळाच्या दारापाशी काय घडलं ते बघा. सप्टेंबर १९५३, बिहारमधलं देवघर, आता ते झारखंडात येतं. विनोबा दलित बांधवांबरोबर बैद्यनाथाच्या मंदिरात गेले. त्यांना आणि सोबत्यांना मारहाण झाली. विनोबांच्या कानाला इजा झाली. त्यांनी सांगितलं, मारणाऱ्यांना शिक्षा होऊ नये. १९५५ साली पुरी. सोबत एक फ्रेंच बाई होत्या, त्यांना आत सोडणार नाही म्हटल्यावर विनोबा जगन्नाथाच्या दारातून परत फिरले. पुढे केरळात गुरुवायूरला तेच. ख्रिस्ती सोबत्यांना प्रवेश नव्हता, तर हेही आत गेले नाहीत.

आणि १९५८ साली पंढरपूर. विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी १९४७च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण केलं होतं. त्यानंतर अकरा वर्षांनी विनोबा तिथे आले, आणि यावेळी सर्व धर्मांच्या सोबत्यांसह आत गेले.

दर्शन म्हणजे काय, हे सांगणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. पण बरोबरचा माणूस बाहेर उभा असेल तर मला आत जायचं नाही, हे वागणं मला त्या सगळ्या 'सार' ग्रंथांचं सार वाटतं. आणि ते हिंदू म्हणून, मुसलमान म्हणून, ख्रिस्ती म्हणून, बौद्ध म्हणून, कुणालाही करता येतं. त्यासाठी आत्मा नित्य की अनित्य, हा वाद आधी सोडवावा लागत नाही.

गांधीजींचीही अशीच एक गोष्ट. सेवाग्रामच्या प्रार्थनेत गीतेचे श्लोक होते, तसं कुराणातलंही होतं, बौद्ध, पारशी, ख्रिस्ती प्रार्थनाही आल्या. १९४७ साली दिल्लीत, फाळणीच्या तापलेल्या दिवसांत, काही लोकांनी कुराणाच्या पठणाला हरकत घेतली. ते पठण वगळून बाकीची प्रार्थना करणं सोपं होतं. गांधीजींनी तसं केलं नाही. हरकत आली त्या सभांमध्ये त्यांनी प्रार्थनाच थांबवली. म्हणजे एकाला गाळून उरलेल्यांची 'सर्वधर्म प्रार्थना' नाही, आणि हरकत घेणाऱ्यावर जबरदस्तीही नाही.

शब्दांबद्दलही ते फार काटेकोर होते. १९३० साली येरवड्याहून आश्रमवासीयांना दर मंगळवारी पत्रं जात, व्रतांवर. त्यात त्यांनी लिहिलं की 'सहिष्णुता' हा शब्द त्यांना आवडत नाही. त्यात दुसरा कमी आहे आणि मी त्याला चालवून घेतो, असा वास येतो. 'आदर' म्हटलं तरी त्यात उपकाराची छटा राहते. म्हणून समभाव. आपण 'सर्वधर्मसमभाव' हा शब्द भाषणात इतका वापरला की तो गुळगुळीत झाला. पण तो असा पारखून घेतलेला शब्द आहे.

ज्यांना घरातच जागा नव्हती

इथे थांबलो तर मी तुमची फसवणूक करीन.

पवनारहून नागपूर काही फार लांब नाही, सत्तरेक किलोमीटर. तिथे १४ ऑक्टोबर १९५६ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. येवल्याची घोषणा १९३५ची. म्हणजे मधे एकवीस वर्षांचा विचार आहे.

'प्रत्येकानं आपल्या परंपरेत राहून दुसऱ्याकडून घ्यावं' हा विचार ऐकायला गोड आहे. पण ज्याला त्याच्या परंपरेनं विहिरीवर येऊ दिलं नाही, त्याला "आपल्याच घरात राहा" म्हणणं कितपत न्याय्य? विनोबांनी मनुस्मृतीतून नीतीची वचनं निवडली, विषमतेची टाकून दिली. पण ज्यांच्या पिढ्यांनी त्या टाकलेल्या श्लोकांचा मार खाल्ला, त्यांच्यासाठी गाळणं पुरेसं नव्हतं. त्यांनी १९२७ साली महाडला तो ग्रंथ जाळला. या दोन कृती एका पारड्यात तोलून "दोघांचंही बरोबर" म्हणणं मला जमत नाही. सार काढणाऱ्याला, मी काय टाकलं आणि त्यानं कुणाचं काय झालं होतं, हेही सांगावं लागेल. नाहीतर सार म्हणजे नुसती रंगसफेदी.

आणि बाबासाहेबांनी काय केलं तेही बघा. त्यांनीही ग्रंथ वाचले, अनेक धर्मांचे वाचले, तुलना केली, आणि 'द बुद्ध अँड हिज धम्म' लिहिला. तो त्यांच्या निधनानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. तोही निवडलेला, नव्यानं मांडलेला ग्रंथ आहे. कसोटी त्यांची होती: विवेकाला पटतं का, आणि माणसाला माणसाशी समतेनं जोडतं का? विनोबांची वाट आणि त्यांची वाट निराळी आहे. पण दोघंही ग्रंथाला विचारतात, तू मला कसं वागायला सांगतोस? देवळाच्या दाराशी विचारायचा प्रश्नही हाच.

मावशींचा प्रश्न

आता खुंटीवरून काढू.

मावशी, मला जे सुचतं ते सांगतो, हुकूम नाही. तुम्ही आणि सूनबाई एका दुपारी बसा. नातू झोपलेला असताना. तुम्ही तुमच्या चार प्रार्थना, अभंग काढा, तिला तिच्या काढू द्या. आधी एकमेकींना अर्थ सांगा. फक्त अर्थ नाही. ही ओळ तुम्हाला कधी उपयोगी पडली तेही सांगा. तुमचे यजमान आजारी होते तेव्हा तुम्ही काय म्हणत होता? ती लग्न होऊन या घरी आली त्या पहिल्या रात्री तिनं काय म्हटलं? मला वाटतं, त्या दुपारी तुम्हाला एकमेकींबद्दल इतक्या वर्षांत कळलं नाही ते कळेल.

मग बघा, अशा कोणत्या ओळी आहेत ज्या दोघीही खोटं न बोलता म्हणू शकाल. दोन मिळाल्या तरी पुष्कळ. त्या एकत्र म्हणा. उरलेल्या तुमच्या तुम्ही, तिच्या ती. त्याही पोराला ऐकू द्या. लपवू नका.

आणि तो विचारील, खरं कोणतं? तेव्हा "दोन्ही एकच" असं सांगू नका, कारण त्याला कान आहेत, दोन्ही वेगळी आहेत हे त्याला ऐकू येतं. म्हणावं, "हे आजीचं, हे आईचं, आणि हे आपल्या सगळ्यांचं. मोठा झालास की तू वाच आणि तुझं तू ठरव." आणि नाताळच्या दिवशी सूनबाई चर्चला निघाली की दारापर्यंत तरी जा तिच्याबरोबर. तो तेवढं बघेल. श्लोकापेक्षा ते त्याच्या जास्त लक्षात राहील.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: पण समोरचा आपल्या ग्रंथाचा अभ्यास करायला तयार नसेल, तर आपणच का करायचा?

उत्तर: बरोबर आहे, एकतर्फी वाटतं. पण विनोबा अरबी शिकले तेव्हा त्यांनी कुणाकडून 'तुम्ही आधी गीता वाचा' असं लिहून घेतलं नव्हतं. अभ्यासाचा पहिला फायदा अभ्यास करणाऱ्याला होतो. हिशेब नंतर बघू.

प्रश्न: मी नास्तिक आहे. माझी यात जागा कुठे?

उत्तर: दाराशी. बरोबरच्या माणसाला बाहेर ठेवून आत न जाण्यासाठी ईश्वर मानावाच लागतो असं नाही. जैन आणि बौद्ध परंपरा सृष्टिकर्त्याशिवाय अडीच हजार वर्षं नीतीचा विचार करत आल्या आहेत, तेव्हा तुम्ही एकटे नाही. सतरंजी मोठी आहे, बसा.